आम्ही पिल्लू पाहायला जातो

आमच्या घरात कुत्रे आणावे की आणू नये, या विषयावर गेली तीन वर्षे परिसंवाद चालू होता. कन्या अनुकूल, सौभाग्यवती प्रतिकूल आणि अध्यक्षपद माझ्याकडे. म्हणजे दोन्ही बाजूंचे शांतपणे ऐकून घ्यायचे आणि निर्णयाची वेळ आली की चहाची वेळ झाली असे जाहीर करायचे. पण या उन्हाळ्यात सौभाग्यवतींनी अचानक बाजू बदलली. "आणायचं तर आणा," ती म्हणाली, "पण ते मरेपर्यंत आपलं, एवढं आधी ठरवा." अध्यक्षांचा आधारच गेला.

वास्तविक मराठीचा प्राध्यापक म्हणजे कुत्र्यांशी जुना परिचय असलेला माणूस. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, हे मी वीस वर्षे वर्गात सांगत आलो आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाजवळ कुत्रे आहे आणि महाप्रस्थानात भाऊ व द्रौपदी वाटेत पडल्यावर धर्मराजाबरोबर शेवटपर्यंत कोण राहिले, हेही मी परीक्षेत विचारतो. मात्र यांपैकी कोणीही आपले कुत्रे कोठून व कसे मिळवले, याविषयी आमच्या अभ्यासक्रमात काहीच माहिती नाही.

म्हणून आम्ही आधी शहरातल्या एका विक्रेत्याकडे गेलो. एका गल्लीतली तळमजल्याची खोली, फिनेलचा उग्र वास आणि लोखंडी पिंजऱ्यात कापसाच्या गोळ्यासारखी सहा-सात पिल्ले. "पंचेचाळीस दिवस झाले, सर. याच वयात घ्यायचं असतं, म्हणजे लळा लागतो," तो म्हणाला. आई कुठे आहे असे विचारले, तर ती 'फार्मवर' होती. मग त्याने दर सांगितला : कागदासह इतके, कागदाशिवाय इतके. पिल्लाच्या खाली पसरायला कागद लागतो हे मला ठाऊक होते. पण त्यासाठी एवढे पैसे कशाला, रद्दी आमच्याकडे पुष्कळ आहे, असे मी बोलून गेलो. कन्येने मला कोपराने ढोसले. कागद म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे नोंदणीपत्र, हे ज्ञान मला जिन्याखाली उभे राहून कन्येकडून घ्यावे लागले.

आमच्या शेजारचे पशुवैद्य या सदराच्या वाचकांना परिचित आहेतच. त्यांना हकीकत सांगताच ते उखडले. "सर, पिल्लू बघू नका, आई बघा! जो आई दाखवत नाही त्याच्याकडे पाणीसुद्धा पिऊ नका." मग त्यांनी माझी शिकवणीच घेतली. केंद्र सरकारने 2017 साली कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल नियम केले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता कामा नये. पंचेचाळीस दिवसांची गोष्ट म्हणजे विक्रेत्याची सोय. दूध, खाणे आणि साफसफाई वाचते. आई आणि भावंडे यांच्यात राहूनच पिल्लू चावण्याची मर्यादा शिकते. जास्त जोराने चावले की समोरचे केकाटते आणि खेळ थांबतो. शिवाय अपुऱ्या लशींचे पिल्लू पार्व्होच्या साथीत दोन-चार दिवसांत हातचे जाते. "आणि तुम्हाला ते परदेशी लोकरीचे गाठोडे कशाला हवे?" एवढे बोलून त्यांनी एक पत्ता लिहून दिला. जतच्या पुढे, कर्नाटकाच्या सीमेजवळची एक वस्ती.

तिकडे जी कुत्री पाळतात त्यांना आपण कारवान म्हणतो. सीमेपलीकडे मुधोळच्या घोरपडे संस्थानावरून त्यांना मुधोळ हे नाव पडले. टपाल खात्याने 2005 साली या जातीचे तिकीटही काढले आहे. निमुळते डोके, लांब मान, खोल छाती आणि कंबर अशी की पोटात काही आहे की नाही याची शंका यावी. वासापेक्षा नजरेने शिकार हेरणारी ही जात. वस्तीवर पोचलो तेव्हा अशी एक कुत्री बाभळीच्या सावलीत निवांत पडली होती आणि चार पिल्ले तिच्या अंगावर चढत-उतरत होती. आई पाहायला मिळाली, म्हणून मी मनातल्या मनात पशुवैद्यांना गुण दिले.

मालक सत्तरीचे. डोक्याला पटका, हातात काठी. मी पाकीट चाचपू लागलो, तर त्यांनी बाजेवर बसायला सांगितले आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. मुलगी पाहायला जावे आणि आपलीच पत्रिका मागितली जावी, तसे झाले.

"घर केवढं हाय?"

"दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तिसरा मजला. लिफ्ट आहे, म्हणजे कधीकधी चालते."

"सकाळी कधी उठता, मास्तर?"

"सहाला," मी म्हणालो.

"साडेसातला," कन्या म्हणाली.

"दिवसभर घरात कोन?" "गावाला गेल्यावर कुनाकडं ठेवणार?" "पोरगी शिकाय भाईर गेली मंग?" तोंडी परीक्षेत विद्यार्थी का घामाघूम होतात, ते मला तेव्हा कळले. शेवटी त्यांनी काठी बाजूला ठेवली.

"ह्याच्या आदी कुत्रं पाळलं हुतं?"

"हो. लहानपणी. मोत्या."

"मंग ते कसं गेलं?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरात ठरलेले आहे. मोत्या म्हातारा होऊन गेला. वडील तसेच सांगत, मीही कन्येला तसेच सांगितले होते. तेच तोंडात आले होते. पण ती कुत्री डोके वर करून माझ्याकडे पाहत होती, आणि का कोण जाणे, मी खरे बोललो. 1989 साली वडिलांची बदली झाली. नव्या गावचे घर लहान होते. सामानाचा ट्रक निघाला, मी मागे गाद्यांवर बसलो होतो. शेजारी बघतील, असे वडील म्हणाले. मोत्या जकात नाक्यापर्यंत ट्रकमागे पळत आला. मी दहा वर्षांचा होतो. मी ओरडलोसुद्धा नाही. ओरडलो तर वडील रागावतील, अशी भीती वाटली.

कन्येकडे पाहण्याचे मी टाळले. म्हातारा काही बोलला नाही. आतून चहा आला, तो त्याने बशीत ओतून घेतला आणि संपवला.

"ह्या येताचं न्हाई मिळणार," तो म्हणाला. "दोन धनगराला सांगितल्यात, दोन मी ठेवणार. सालात दुसरं येत मी घेत न्हाई, ती मशीन न्हाई." (वर्षात एकच वेत, हेही त्या नियमांत आहे, पण तो नियम वाचून बोलत होता असे वाटले नाही.) "म्होरल्या साली बघू. तवर सुट्टीला येऊन जावा, तिला तुमचा वास कळंल. आन् रोज सकाळी सहाला दोघं कुत्र्याबिगार पळून बघा. वरीसभर जमलं, तर कुत्रं घेऊन बी जमंल."

त्याने एका जुन्या वहीत माझे नाव लिहून घेतले. पेन्सिलीने.

परतीच्या एस.टी.त कन्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मिरज आल्यावर तिने विचारले, "मग मोत्याचं पुढं काय झालं?"

"माहीत नाही."

"आजोबांनी शेजाऱ्यांना पत्रसुद्धा नाही लिहिलं?"

"नाही. आणि मीही नाही."

ती गप्प राहिली. मीही राहिलो.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला कोणीतरी माझे पांघरूण ओढले. कपाटाच्या तळाशी कॅनव्हासचे बूट सापडले; एकाला नाडी नव्हती. सुतळी बांधून मी लिफ्टचे बटण दाबले. तेवढ्यात सौभाग्यवती दारात आली.

"जिन्यानं उतरा," ती म्हणाली, "कुत्र्याला काय लिफ्ट चालू असेल तेव्हाच जायचं असतं?"