मोट राहिली, हाकणारा कुठे आहे?

मंडळी, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय काय खाली येते, ते आयाबायांना सांगायला नको. यंदा वारणाकाठी थोरल्या बहिणीच्या घरी एक खोका निघाला. आत तळहाताएवढ्या काळ्या फ्लॉप्यांची चळत आणि एक वही. भंगारवाला दारात उभाच होता. "अक्का, प्लॅस्टिकच्या भावाने घेतो," म्हणाला. तेवढ्यात भाच्याने खोका ओढून घेतला. एके काळी गावच्या कॉम्प्युटर केंद्रात तोच बसत असे.

१९९८ साली वारणेचा सहकारी समूह, केंद्र सरकार आणि राज्य सरकार यांनी मिळून कोल्हापूर-सांगलीच्या ७० गावांसाठी ही योजना काढली. तोवर उसाची नोंद, तोडणीची पाळी, काट्यावरचे वजन यासाठी कारखान्यावर हेलपाटा पडे. ती माहिती गावातच मिळू लागली. पुढे २००६ च्या सुमारास सात गावांत मोबाईलवरच्या संदेशाने ती देण्याचा प्रयोग झाला. आज फोन पोराटोरांच्या हातात आहे, आणि त्या केंद्रांची आठवण काढणारे थोडेच.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. कॉम्प्युटर म्हटले की अमेरिकेचे नाव निघते. पण कोनराड झूसे या जर्मन इंजिनियराने १९४१ सालीच बर्लिनमध्ये, दिलेल्या आज्ञा वाचून आपोआप हिशेब करणारे यंत्र बांधले होते. १९४३ च्या बाँबहल्ल्यात ते गेले. त्याचे पुढचे यंत्र मात्र वाचले. १९४५ साली लढाई दाराशी आली तेव्हा त्याने ते शहराबाहेर काढले आणि आल्प्सच्या पायथ्याच्या एका खेड्यात, कोठारात लपवून ठेवले. १९५० पासून पाच वर्षे ते झुरिकच्या विद्यापीठात राबले. आज ते म्युनिकच्या संग्रहालयात आहे. त्याला आज्ञा कशा देत, ठाऊक आहे? सिनेमाच्या जुन्या फिल्मला भोके पाडून!

आपल्या मुंबईतही, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९६० साली 'टिफ्रॅक' हा कॉम्प्युटर सुरू झाला. जुन्या रेडिओत असत तसे सुमारे २,७०० व्हॉल्व्ह त्यात होते. तो आपल्याच लोकांनी बांधला होता. शाळेतल्या मुलांना त्याचे नाव विचारून पाहा.

आता कुणी म्हणेल, जुने डबे ठेवून करायचे काय? तर मोटेचे उदाहरण घ्या. चामड्याची मोट भिंतीला टांगता येते. पण बैल मागे कसे सारायचे, सोल केव्हा सैल सोडायचा, हे हाकणाऱ्यालाच ठाऊक. तो गेला की भिंतीवर नुसते चामडे उरते. कॉम्प्युटरचेही तसेच. डबा म्हणजे मोट, आणि आतली आज्ञावली म्हणजे ती हाकण्याची विद्या. फ्लॉपीवरची अक्षरे वर्षागणिक पुसट होतात, आणि ती वाचणारे यंत्रही आता सहज मिळत नाही.

म्हणून मला त्या खोक्यातली वहीच अधिक मोलाची वाटली. यंत्र चालू करताना आधी काय पाहायचे, वीज गेली तर काय करायचे, कुठल्या चुकीला काय उपाय, सारे भाच्याने लिहिलेले. तो म्हणाला, "मामा, म्हातारी माणसं वजनाचा आकडा दोनदा वाचायला लावायची. मग पडद्याला हात लावून बघायची." वर्षभराच्या घामाचा तो आकडा, त्यांनी का बघू नये? पण हे वहीत नव्हते. मी ते तिथेच लिहायला लावले.

तुमच्या गावात असे केंद्र असेल, सोसायटीत किंवा डेअरीत पहिला कॉम्प्युटर आला असेल, तर एवढे करा. फोटोच्या मागे नावे आणि साल लिहा. जुन्या पावत्या, वह्या जाळू नका. आणि ज्याने तो चालवला त्याच्यापाशी तासभर बसून, काम कसे चाले ते लिहून घ्या. ती माणसेही आता पिकू लागली आहेत.

भंगारवाला रिकाम्या हाताने गेला नाही. बहिणीने त्याला फुटकी बादली दिली.