विना-नांगरटीच्या शेतीत तण का माजते?

सोयाबीन-कापसाच्या पट्ट्यात नांगरट न करता पेरणी करणारे शेतकरी आता गावोगाव दिसू लागले आहेत. ट्रॅक्टरचे भाडे वाचते, पावसाच्या झोडीने माती वाहून जात नाही, पिकाची मुळे जागच्या जागी कुजून जमीन मऊ राहते. नेरळचे प्रयोगशील शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांचे एसआरटी तंत्र, म्हणजे कायम गादीवाफ्यावर टोकण करून शेती, कोकणातल्या भातापासून आपल्याकडच्या सोयाबीनपर्यंत पोचले. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पानेही, म्हणजे ‘पोकरा’नेही, त्याला हातभार लावला.

पण पारावर चार मंडळी जमली की प्रश्न एकच येतो : “साहेब, बाकी सारं खरं, पण निंदणाचं काय?” प्रश्न रास्त आहे. पहिल्या वर्षी हौसेने सुरुवात करणारा शेतकरी दुसऱ्या वर्षी तणाला कंटाळतो आणि पुन्हा नांगर घालतो. मग जमिनीची घडी बसायच्या आतच मोडते आणि ‘हे आपल्याकडे चालत नाही’ असा बोलबाला होतो. म्हणून तण कशाने वाढते आणि कशाने हटते, याचा हिशेब नीट मांडायला हवा.

बी वरच्या थरात

तणाचे बी जमिनीत वर्षानुवर्षे पडून राहते. नांगर त्यातले काही खाली गाडतो, तर जुने गाडलेले वर आणतो. नांगर थांबला की नवे पडलेले बी वरच्या दोन इंचांतच राहते. मृगाचा पाऊस झाला, ऊन आणि ओल मिळाली की ते एकदम उगवते. पहिल्या-दुसऱ्या वर्षी शेत हिरवेगार दिसते ते यामुळे.

याची दुसरी बाजू मात्र फायद्याची आहे. वरच्या थरातले बी लवकर संपते. काही उगवून मारले जाते, काही मुंग्या-किडे खातात, काही उन्हापावसाने कुजते. खालचे बी वर येतच नाही. हरियाणात १९९०च्या दशकात गव्हातले गुल्ली-दंडा हे तण आयसोप्रोट्युरॉन या औषधाला दाद देईनासे झाले. तेव्हा धानाच्या काढणीनंतर नांगरट न करता पेरलेल्या गव्हात ते कमी उगवले, कारण माती हलली नव्हती.

पण अट एकच : नवे बी पडू द्यायचे नाही. पहिली दोन-तीन वर्षे ही अट पाळली तर तण उतरणीला लागते. एका हंगामात जरी तण पिकू दिले, तरी हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

आच्छादनाची ओढाताण

मशागत कमी, जमिनीवर आच्छादन आणि पिकाची फेरपालट, हे या शेतीचे तीन पाय. आपल्याकडे पहिला पाय घेतला जातो आणि दुसरा सुटतो. सोयाबीनचे कुटार गुरांना लागते, पऱ्हाटी-तुराटी चुलीला जाते, आणि उरलेसुरले उन्हाळ्यात मोकाट जनावरे चरून नेतात. जागतिक अन्न व कृषी संघटना किमान ३० टक्के जमीन झाकलेली असावी असे सांगते. तेवढ्याने धूप थांबते, तण थांबत नाही. विरळ आच्छादनाखाली ओल टिकते, फटीतून ऊनही मिळते, म्हणजे तणाची सोयच होते. जमीन दिसणार नाही इतका थर असेल तरच बी दबते.

दोन-चार एकरवाल्याला एवढा काडीकचरा सगळ्या शेतात पुरणार नाही. त्याने अर्ध्या एकरापासून सुरुवात करावी, तिथला थर जाड ठेवावा आणि बांधावर गिरिपुष्प लावून पाल्याची सोय वाढवावी. टोकणीत नांग्या पडल्या तर आठवड्यात भराव्यात. पिकाने जमीन लवकर झाकली की तेही आच्छादनच.

तणाची जात बदलते

नांगर थांबल्यावर तणाची जातही बदलते. हराळी आणि लव्हाळा यांच्या मुळ्या-गाठी उन्हाळी नांगरटीत उघड्या पडून वाळतात. नांगरट नसली की ती बिनधास्त पसरतात. म्हणून हराळीच्या शेतात विना-नांगरटीला थेट हात घालू नये. आधी एक-दोन उन्हाळे काशा वेचून शेत स्वच्छ करावे.

केन्याचेही तसेच. त्याचे कांडे तुटून ओल्या जमिनीत पडले की पुन्हा मूळ धरते, आणि ग्लायफोसेटलाही ते सहजी मरत नाही. दरवर्षी सोयाबीनवर सोयाबीन आणि तेच ते औषध असेल, तर त्या औषधातून वाचणारे तणच शेताचे मालक होते. तिसरा पाय, फेरपालट, इथे कामाला येतो.

मजूर आणि औषध

सोयाबीनला पहिले ३० ते ४५ दिवस तणमुक्त राहणे गरजेचे असते. पूर्वी या काळात बैलाच्या डवऱ्याने स्वस्तात काम व्हायचे. माती हलवायची नाही म्हटल्यावर डवरा गेला. मग उरले दोनच मार्ग : निंदण किंवा फवारणी. निंदायला त्या दिवसांत बाया मिळत नाहीत आणि मिळाल्या तर एकाच वेळी साऱ्या गावाला हव्या असतात. झिंबाब्वे, झांबियातल्या छोट्या शेतकऱ्यांनी हातकुदळीने खड्डे करून हीच पद्धत सुरू केली, तेव्हा तिथेही निंदणीचा भार हीच मोठी अडचण ठरली. घरच्या बाईच्या कष्टाची मजुरी आपण हिशेबात धरत नाही, म्हणून तो भार दिसत नाही इतकेच.

राहिले औषध. आपल्या देशात ग्लायफोसेटची नोंदणी चहाच्या मळ्यांसाठी आणि बिगर-पिकाच्या जागेसाठी झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ते फक्त कीड नियंत्रण चालकांमार्फतच वापरावे, अशी अधिसूचना काढली. ज्या पद्धतीचा सारा भार या एका डब्यावर आहे, तिचा पाया डळमळीतच म्हणावा लागेल. सोयाबीनसाठी नोंदणी असलेली तणनाशके घ्यावीत, लेबलवरची मात्रा पाळावी आणि दरवर्षी गट बदलावा. फवारणीतून वाचलेली झाडे फुलावर येण्याआधी विळ्याने कापावीत. केना मात्र कापून शेतात टाकू नये, मुळासकट उपटून बाहेर न्यावा.

गावाचा वाटा

शेत स्वच्छ ठेवले तरी बी बाहेरून येतेच. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून येते, गावोगाव फिरणाऱ्या हार्वेस्टरच्या पोटातून येते, बांधावरून आणि रस्त्याकडेने येते. खत उकिरड्यात चांगले तापू द्यावे आणि हार्वेस्टर शेतात शिरण्याआधी झाडून घ्यावा, एवढे शेतकऱ्याच्या हातात आहे.

गायरान आणि रस्त्याची कड मात्र ग्रामपंचायतीचीच. गाजरगवताचे एक झाड हजारो बिया टाकते आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येते. गाजरगवत जागृती सप्ताह १६ ते २२ ऑगस्टला असतो. मृगात उगवलेले झाड तोवर बी टाकून मोकळे झालेले असते. सरपंच-ग्रामसेवकांनी उपटणीची मोहीम जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच घ्यावी.

योजनेच्या कागदावर पहिल्या वर्षीचे एकर मोजले जातात. तणाचा निकाल तिसऱ्या वर्षी लागतो. कृषी सहाय्यकांनी आपल्या यादीत ‘तिसऱ्या वर्षीही टिकलेले शेतकरी’ असा एक रकाना वाढवावा. आणि शेतकरी बंधूंनी नांगर पुन्हा जोडण्याआधी एवढेच तपासावे, की गेल्या हंगामात आपल्या शेतात किती तण बीवर आले होते.