दाखविण्याचा पैसा, जगण्याचा पैसा

परदेशी स्थायिक झालेल्या जुन्या पिढीच्या आठवणींत 'खिशात आठ डॉलर घेऊन उतरलो' हे वाक्य हमखास येते. १९६० व १९७० च्या दशकांत परकीय चलनाच्या टंचाईमुळे सरकारच त्याहून अधिक रक्कम नेऊ देत नसे, हे मात्र ऐकणारे विसरतात. त्या आठ डॉलरांमागे बहुधा विद्यापीठाची शिष्यवृत्ती किंवा रुग्णालयातील नोकरी उभी असे. आज नोकरी हाती नसताना, कायम वास्तव्याचा परवाना घेऊन कॅनडाला निघणाऱ्या कुटुंबामागे उभी असते ती केवळ त्याची पुंजी.

कॅनडाच्या सरकारला याची जाणीव आहे. 'एक्स्प्रेस एन्ट्री' पद्धतीने बाहेरून येणाऱ्या कुशल कामगाराला निर्वाहनिधीचा पुरावा द्यावा लागतो. जुलै २०२५ मध्ये चौघांच्या कुटुंबासाठी ही रक्कम २८,३६२ कॅनेडियन डॉलर, म्हणजे सुमारे अठरा लाख रुपये, ठरली. ही रक्कम कर्जाऊ चालत नाही, राहत्या घराची किंमत त्यात धरली जात नाही आणि बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक नमूद असावी लागते.

या अटीतून मध्यमवर्गीय घरांनी शोधलेली वाट सर्वपरिचित आहे. वडिलांचा भविष्यनिर्वाह निधी, काकांची मुदतठेव काही महिने मुलाच्या खात्यात येऊन बसते आणि काम होताच परत जाते. ही दिशाभूल उघडकीस आली तर पाच वर्षे दार बंद होते. पण ती उघडकीस आली नाही, तर होणारे नुकसान अधिक मोठे. कारण ती अठरा लाखांची अट अधिकाऱ्याच्या समाधानासाठी नसून उतरल्यानंतरच्या महिन्यांसाठी आहे. टोरांटोत घरमालक पहिल्या महिन्याबरोबर शेवटच्या महिन्याचेही भाडे आगाऊ मागतो. पुण्यात वीस वर्षे हप्ते वेळेवर भरून मिळविलेली पत तेथे शून्य धरली जाते. डॉक्टर, परिचारिका यांना स्थानिक परवाना मिळेपर्यंत आपला व्यवसाय करता येत नाही. ब्रिटिश कोलंबियात तर सरकारी आरोग्यविम्यासाठीही आरंभी थांबावे लागते. उसनी शिल्लक परत गेलेली असते, ती नेमकी याच वेळी!

घाई का होते, हे समजण्याजोगे आहे. तिशी ओलांडली की वयाचे गुण दरवर्षी घटत जातात आणि दलाल त्याचाच धाक दाखवितात. तरीही वडिलांच्या निवृत्तीची पुंजी मोडून जाण्यापेक्षा वर्षभर थांबलेले बरे. मुलाचे बस्तान बसायला दोन वर्षे लागली, तर त्या काळात इकडे येणारे आजारपण कोणत्या पैशाने निभवायचे?

मागे राहणाऱ्या घराची तयारी तर बहुतेकांच्या यादीतच नसते. देश सोडल्यावर निवासी बचत खाते नियमाप्रमाणे अनिवासी सामान्य खात्यात बदलावे लागते. मुलगा पहिला आणि आई दुसरी खातेदार असेल, तर त्याच्या हयातीत व्यवहार त्यानेच करायचे. कुलमुखत्यारपत्र केलेले नसल्यास आईला त्या खात्यातून वीजबिलापुरतेही पैसे काढता येत नाहीत. ते पत्र इथे एका दिवसाचे काम आहे. तिकडून करायचे तर वकिलातीच्या खेपा आणि टपालाची वाट पाहणे आले.