उभ्या ट्रॅक्टरचे भाडेकरू

मशागत उरकली की ट्रॅक्टर शेडात उभा राहतो तो थेट मोळी पडेपर्यंत. पावसानं बिळं भरली की शिवारातले उंदीर तिथंच बिऱ्हाड थाटतात. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून वायर दिसली की तो कुरतडणारच. मग ऐन तोडणीत गाडी चालू होत नाही अन् तोडलेला ऊस फडात वाळतो.

यावर विषाच्या गोळ्या टाकणं आम्हांस पटत नाही. एक मेला की दुसरा येतो, वर कोंबड्या-कुत्र्यांना धोका. मांजर असेल तर उत्तमच, पण ती रात्रभर बॉनेटवर थोडीच बसते! करंगळीएवढी फट उंदराला पुरते. तिथं पाव इंची जाळी ठोका. पेंड, बियाणं शेडात नको. आणि स्टार्टर मारण्याआधी बॉनेट उघडून बघा, सायलेन्सरजवळचं पाचटाचं घरटं पेट घेतं.