साउथ, पण कुणाच्या?

शनिवारी जामसांवलीला गेलं की रस्त्याकडेला लागलेल्या गाड्यांच्या नंबरप्लेटा बघाव्यात. एमएच आणि एमपी शेजारीशेजारी. नागपूरकर वर आलेला असतो, छिंदवाडेकर सिल्लेवानीचा घाट उतरून खाली. पहुडलेल्या मारुतीपुढे दोघंही एकाच रांगेत लागतात. हे गाव कुठे, असं विचारलं तर एक म्हणेल नॉर्थला, दुसरा म्हणेल साउथला. दोघंही खरंच बोलत असतील.

नॉर्थ, साउथ, ईस्ट, वेस्ट हे शब्द आपण घरच्यासारखे वापरतो. 'साउथचा सिनेमा' म्हणतो आणि त्यात चार-पाच राज्यं, तितक्याच भाषा कोंबतो. कुणाच्या साउथला, हे मात्र कुणी विचारत नाही. काशीत किंवा माळव्यात स्थिरावलेल्या मराठी घराण्यांना तिथले लोक 'दक्षिणी' म्हणत. तंजावरात 1676 पासून 1855 पर्यंत मराठी राजे होते. तिथल्या तमिळ माणसासाठी तीच माणसं उत्तरेकडून आलेली.

जामसांवली ज्यात येते त्या सौंसरच्या पट्ट्याला याची झळ अधिक बसली. 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. जामसांवली तिच्या वायव्येला, साठ-सत्तर किलोमीटरवर. सकाळी निघून कचेरीतलं काम उरकून रात्री घरी परतावं, एवढंच अंतर. दुसऱ्या दिवशी राजधानी भोपाळला गेली आणि तेच गाव राजधानीच्या आग्नेयेला, राज्याच्या पार कडेला जाऊन पडलं. संत्र्याची बाग होती तिथेच राहिली, जाम नदी होती तिथूनच वाहत राहिली, चुलीपुढची मराठीही तीच. बदललं ते फक्त मोजायचं ठिकाण. पुढे 5 ऑक्टोबर 2023 ला पांढुर्णा जिल्हा झाला, आणि उत्तरेला छिंदवाड्यात असलेलं जिल्ह्याचं ठाणं पश्चिमेला आलं. या पट्ट्याला कुणी 'राज्याचं दक्षिण टोक' म्हटलं की मला ते लागतं. टोक हे राजधानीतून दिसतं. इथे राहणाऱ्याला आपलं गाव मध्यावरच असतं.

रेल्वेनं तर कमालच केली आहे. सौंसरवरून जाणारी नागपूर-छिंदवाडा लाइन एकेकाळी बंगाल-नागपूर रेल्वेची नॅरोगेज होती. 2015 च्या अखेरीस ती ब्रॉडगेजसाठी बंद झाली, आता मोठी गाडी धावते. ही लाइन साउथ ईस्ट सेंट्रल रेल्वेची. 1955 साली साउथ ईस्टर्न रेल्वे झाली, तिचं मुख्यालय कोलकात्यात. 2003 मध्ये तिच्यातून बिलासपूरला मुख्यालय असलेली ही रेल्वे निघाली आणि जुन्या नावाला 'सेंट्रल' जोडलं गेलं. तिकडे पांढुर्ण्याचं स्टेशन मात्र सेंट्रल रेल्वेत, जिचं मुख्यालय मुंबईत, थेट पश्चिम किनाऱ्यावर! एकाच छोट्या जिल्ह्यातली ही दोन स्टेशनं. दोन्हींचा कारभार नागपुरातूनच चालतो, पण दोन वेगळ्या रेल्वेंच्या दोन वेगळ्या डिव्हिजन कचेऱ्यांतून.

पावसाचंही तसंच. रस्त्याला दिशा मिळते ती तो जिकडे जातो तिची. वाऱ्याला मिळते ती तो जिकडून येतो तिची. म्हणून 'साउथवेस्ट मान्सून'. पण आपल्याकडचा जोराचा पाऊस पुष्कळदा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे, म्हणजे पूर्वेकडून सरकत येतो. नाव नैर्ऋत्येचं, आभाळ भरून येतं ते उगवतीकडून. कपाशीवाल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

माझं मागणं शाळांकडे आहे. या भागातल्या मुलांना नकाशा शिकवताना आधी भोपाळ नको, दिल्लीही नको. शाळेच्या अंगणात खडूनं एक टिंब काढा आणि मुलाला त्यावर उभं करा. उत्तरेला छिंदवाडा, पश्चिमेला पांढुर्णा, आग्नेयेला नागपूर, वायव्येला भोपाळ. मग नागपूरच्या मुलाला त्याच्या टिंबावरून जामसांवली कुठे दिसते, ते त्यालाच सांगू द्या.