सोळाव्या नंबरचा ठपका

लीड्समध्ये चार मराठी माणसं जमली आणि बोलणं क्रिकेटवर आलं, की १९९२चा उन्हाळा निघतोच. त्या वर्षी हेडिंग्लीवरच्या यॉर्कशायर काउंटीने एकोणीस वर्षांच्या सचिन तेंडुलकरला आपला पहिला परदेशी खेळाडू म्हणून घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात, शहराच्या दुसऱ्या बाजूला, एलंड रोडच्या लीड्स युनायटेड या फुटबॉल क्लबने एरिक काँतोना मँचेस्टर युनायटेडला विकून टाकला. पहिल्या सौद्यावर आपण भांडतो, दुसऱ्यावर इथले गोरे शेजारी. विषय दोन्हीकडे एकच, सौदा परवडला का? आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे हिशेब मांडायची पद्धतही सारखीच चुकीची.

आधी सचिनविरोधी पक्ष. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: एवढा गाजावाजा करून पोरगा आणला आणि हंगामभरात शतक केलं एक, तेही डरहॅमविरुद्ध. डरहॅम त्या वर्षी पहिल्यांदाच काउंटी अजिंक्यपद स्पर्धेत उतरलेला नवखा संघ. यॉर्कशायर १८ संघांत १६वा आला. मग मिळवलं काय? वर सुरुवातीच्या त्या प्रसिद्ध छायाचित्राचा दाखला असतोच. डोक्यावर यॉर्कशायरी कामगाराची चपटी टोपी, हातात बिअरचा ग्लास आणि चेहऱ्यावर परक्याच्या घरी फोटोला उभ्या केलेल्या मुलाचं अवघडलेलं हसू. म्हणजे सगळी जाहिरातबाजी, असं ते म्हणतात.

छायाचित्र जाहिरातबाजीचं होतं, हे कबूल. पण जाहिरातीसाठी आणलेला माणूस १६ सामन्यांत २५ डाव खेळत नाही. त्या डावांत सचिनच्या धावा १०७०, सरासरी ४६.५२, एक शतक आणि सात अर्धशतकं. म्हणजे साधारण दर तीन डावांत एकदा पन्नाशीपलीकडे. शतक एकच का, याचं अर्धं उत्तर वेळापत्रकात आहे. काउंटीचे सगळे सामने चार दिवसांचे झाले १९९३पासून. त्याआधी बहुतेक सामने तीन दिवसांचे असत. त्यात एक दिवस पावसात गेला की दोन्ही कर्णधार डाव घोषित करून शेवटच्या दिवसासाठी लक्ष्य ठरवत. अशा सामन्यात भराभर काढलेल्या सत्तर-ऐंशी धावांना भाव असतो, दिवसभर खेळपट्टीवर ठाण मांडायला जागाच नसते. वानखेडेवरच्या पाच दिवसांच्या रणजी अंतिम सामन्याचं माप इथे लावून चालणार नाही.

आता सोळावा नंबर. हा आकडा सचिनच्या नावावर मांडणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की यॉर्कशायरला त्या वर्षी हवं काय होतं? हवा होता वेगवान गोलंदाज. करारही झाला होता ऑस्ट्रेलियाच्या क्रेग मॅकडरमॉटशी. तो जांघेच्या दुखापतीने येऊ शकला नाही, म्हणून ऐन वेळी सचिनचं नाव पुढे आलं. ड्यूज्बरीचे व्यावसायिक सॉली अ‍ॅडम यांनी त्याचं मन वळवलं आणि सचिन हंगामभर ड्यूज्बरीतच राहिला. म्हणजे दुकानात गेले तांदूळ आणायला, ते संपले होते म्हणून डाळ आणली, ती उत्तम निघाली. आणि आता भात झाला नाही म्हणून डाळीला नावं ठेवायची! सामना जिंकायला समोरच्याचे वीस बळी घ्यावे लागतात. ते काम चौथ्या क्रमांकाच्या फलंदाजाचं नव्हे.

विरोधी पक्षाचं एवढं झालं. पण खरं सांगायचं तर मला जास्त त्रास सचिनप्रेमींच्या पक्षाचा होतो, कारण तो आपला पक्ष आहे. एरवी मुंबईकर क्रिकेटच्या बाबतीत खडूस असतो, इथे मात्र तो विरघळतो.

ते म्हणतात, सचिनने यॉर्कशायरची शंभर वर्षांची भिंत पाडली. यॉर्कशायरच्या हद्दीत जन्मलेल्यालाच यॉर्कशायरची टोपी, हा तो दंडक. (ज्या जुन्या कर्णधार लॉर्ड हॉक यांच्या नावाने या बाण्याचं कौतुक होतं, त्यांचा स्वतःचा जन्म लिंकनशायरमधला, ही बाब लीड्सच्या पबमध्ये हळू आवाजात सांगावी.) दंडक मोडला हे खरंच. पण तो मोडला ज्या दिवशी मॅकडरमॉटशी करार झाला त्या दिवशी. त्याच्याही आधी, बाहेर जन्मलेल्या पण यॉर्कशायरमध्ये वाढलेल्या मुलांसाठी दार किलकिलं झालं होतं. लँकेशायरमध्ये जन्मलेला मायकेल वॉन त्यातूनच आत आला. सचिन आला तेव्हा भिंतीच्या जागी दगडमाती पडलेली होती. ती पाडली होती अपयशाने. १९६८ साली इतर काउंट्यांनी परदेशी खेळाडू घ्यायला सुरुवात केली. शेजारच्या लँकेशायरने तर आपल्या दादर पारशी कॉलनीतला फारुख इंजिनिअर नेला. पुढे सॉमरसेटला गावसकर, ग्लॅमॉर्गनला शास्त्री. यॉर्कशायर मात्र त्याच १९६८ साली सलग तिसऱ्यांदा अजिंक्य ठरलं आणि त्यानंतर दोन दशकं उलटली तरी ते अजिंक्यपद काही परत आलं नाही. आपला बाणा आपल्याला कितीला पडतो, हे कळायला त्यांना तेवीस-चोवीस वर्षं लागली.

दुसरा दावा असा, की यॉर्कशायरने सचिनला घडवलं. सचिन लीड्सला आला तो त्याच वर्षी सिडनीत १४८ आणि पर्थच्या उसळत्या खेळपट्टीवर ११४ करून. त्याआधी दोन वर्षं, सतरा वर्षांचा असताना, ओल्ड ट्रॅफर्डवर त्याने नाबाद ११९ करून कसोटी वाचवली होती. घडलेल्या मूर्तीला इथे फार तर धूपदीप झाला. तो स्वतः त्या महिन्यांविषयी पुढे नेहमी जिव्हाळ्याने बोलला, पण जिव्हाळा वेगळा आणि जडणघडण वेगळी. २००२ साली हेडिंग्लीवर त्याने १९३ केल्या आणि भारताने कसोटी एक डाव ४६ धावांनी जिंकली, तेव्हाही आपल्या लोकांनी त्याचं मूळ १९९२मध्ये शोधलं. मधल्या दहा वर्षांत तो जगभर काय करत होता, ते सोयीस्करपणे विसरून. त्याच डावात द्रविडने १४८ आणि गांगुलीने १२८ केल्या. ते दोघे कुठे यॉर्कशायरकडून खेळले होते?

तिसरा दावा सगळ्यात गोड आणि सगळ्यात पोकळ: सचिनच्या येण्याने यॉर्कशायरची दारं इथल्या आशियाई मुलांना उघडली. ब्रॅडफर्ड, ड्यूज्बरी, बॅटली, हडर्सफील्ड या गिरणगावांत भारत-पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांची दुसरी पिढी तेव्हा मैदानं गाजवत होती. काउंटीच्या वाऱ्यालाही त्यांना उभं राहता येत नव्हतं म्हणून त्यांनी १९८०च्या सुमारास कायदे-आझम लीगच काढली, वेगळी, आपली. हेडिंग्लीपासून पंधरा मैलांच्या टापूत एवढा माल असताना काउंटी मुंबईहून मुलगा आणते, याला मराठीत काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. सचिन आला, लोकांचा लाडका झाला, परत गेला. यॉर्कशायरमध्ये जन्मलेला पहिला आशियाई मुलगा, हडर्सफील्डचा अजमल शहजाद, काउंटीच्या पहिल्या संघात आला तो २००४ साली. म्हणजे सचिननंतर बारा वर्षांनी. त्यानंतर ब्रॅडफर्डचा आदिल रशीद. आणि २०२३मध्ये काउंटीचाच माजी खेळाडू अझीम रफीकच्या तक्रारींवरून वर्णद्वेषाच्या प्रकरणात यॉर्कशायरला चार लाख पौंड दंड झाला, गुण कापले गेले. पाहुण्या राजपुत्राला पाट-रांगोळी करणं आणि शेजारच्या मुलाला पंगतीत बसवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केली म्हणून दुसरीचं श्रेय मागू नये, आणि आपण मराठी माणसांनी तर यॉर्कशायरच्या वतीने मुळीच मागू नये.

एलंड रोडवरही असाच घोळ आहे, पण तो लवकर उरकतो. तिथे लोक म्हणतात, मँचेस्टरच्या फर्ग्युसनने आवळा देऊन कोहळा काढला. १२ लाख पौंडांत काँतोना घेतला आणि पाच हंगामांत चार वेळा लीग जिंकली. लीड्स मात्र त्याला विकलं त्याच हंगामात विजेत्याच्या सिंहासनावरून थेट १७व्या जागी. पण ज्या १९९१-९२च्या विजेतेपदाचं श्रेय काँतोनाला देतात, त्या हंगामात तो फेब्रुवारीत आला, लीगचे १५ सामने खेळला, तेही बरेचसे बदली म्हणून, आणि गोल केले तीन. विजेतेपद जिंकलं ते स्ट्रॅकन, मॅकअ‍ॅलिस्टर, बॅटी आणि स्पीड यांच्या मधल्या फळीने आणि आघाडीवरच्या चॅपमनच्या डोक्याने. पुढच्या हंगामात लीड्सने बाहेरच्या मैदानावर लीगचा एकही सामना जिंकला नाही. एकही नाही, म्हणजे ऑगस्ट ते नोव्हेंबर, काँतोना संघात असतानाही नाही. त्या उन्हाळ्यात गोलरक्षकाला पायाने दिलेला पास हातात घ्यायची बंदी आली होती, आणि जुन्या सवयीच्या बचावाला ती फार जड गेली. व्यवस्थापक विल्किन्सन यांचं आणि काँतोनाचं पटत नव्हतं, हे कोणी लपवलेलं नव्हतं. उंच चेंडू चॅपमनच्या डोक्यावर टाकणाऱ्या संघात तो मँचेस्टरचा काँतोना झालाच नसता. विकणं चूक नव्हतं. पण आदल्या वर्षी अवघ्या चार गुणांनी मागे राहिलेल्या, पेनाइन्स डोंगरापलीकडच्या वैऱ्यालाच विकणं, हा शुद्ध वेडेपणा. शिव्या द्यायच्याच असतील तर गिऱ्हाईक निवडणाऱ्याला द्या.

तर आता माझी बाजू. सचिनचा सौदा यॉर्कशायरला परवडला, असं मी म्हणतो, आणि त्याचं कारण तो सचिन होता हे नाही. कारण तो गोलंदाज नव्हता हे आहे.

मॅकडरमॉटच्या जागी अपघाताने फलंदाज आला आणि पुढे यॉर्कशायरने तोच पायंडा पाडला. १९९३मध्ये वेस्ट इंडीजचा रिची रिचर्डसन, नंतर मायकेल बेव्हन, १९९७पासून डॅरेन लेहमन. सगळे फलंदाज. बाहेरून धावा आणायच्या आणि चेंडू घरच्या पोरांच्या हातात ठेवायचा. हे कोणी कागदावर ठरवलं होतं असा माझा दावा नाही. पण झालं तसं. सचिन आला त्या वर्षी बार्न्सलीचा एकवीस वर्षांचा डॅरेन गॉफ संघाच्या आत-बाहेर करत होता. दोन वर्षांत तो इंग्लंडकडून खेळला. मागोमाग पाँटिफ्रॅक्टचा सिल्व्हरवूड, लीड्सचाच हॉगर्ड, हडर्सफील्डचा सायडबॉटम. २००१मध्ये डेव्हिड बायसच्या संघाने स्कारबरोवर ग्लॅमॉर्गनला हरवून ३३ वर्षांचा दुष्काळ संपवला, तेव्हा लेहमनच्या चौदाशेवर धावा होत्या आणि बळी घेणारे बहुतेक हात यॉर्कशायरचे होते. बहुतेक म्हणतो, कारण त्यात स्टीव्ह कर्बीही होता, जन्माने लँकेशायरचा. जुना दंडक असता तर तोही फाटकाबाहेर.

यावर आक्षेप येतो, की नऊ वर्षांनी आलेल्या फळाचा संबंध एका हंगामाशी कसा जोडता? काँतोनाचा हिशेब मागे वळून करू नका म्हणता आणि इथे स्वतः तेच करता? नाही. मी २००१चं श्रेय सचिनला देत नाही. त्याच्या हिशेबात १०७० धावाच, त्यावर एकही नाही. मी तपासतो आहे तो १९९२चा निर्णय, आणि तोही त्या दिवशी समोर असलेल्या दोन पर्यायांमधूनच: आणखी एक परदेशी वेगवान गोलंदाज शोधायचा, की मिळतो आहे तो उत्तम फलंदाज घ्यायचा. पहिला पर्याय घेतला असता तर नवा चेंडू पाहुण्याच्या हातात गेला असता, आणि गॉफसारखी मुलं सीमारेषेवर उभी राहून टाळ्या वाजवत राहिली असती. बळी मिळाले असते, कदाचित सोळाव्याचा दहावा नंबर झाला असता. तेवढ्या सहा पायऱ्यांसाठी गॉफची षटकं द्यायला मी तयार नाही.