निर्वासिताने लिहिलेला इतिहास

तैवान म्हटले की आपल्याला संगणकाच्या चिप आठवतात. तिथल्या माणसांनी लोकशाहीसाठी काय सोसले, हे मराठीत फारसे आलेले नाही. म्हणून हा अंक आम्ही तैवानी इतिहासकार आणि क्रांतिकारक सू बेंग यांना वाहिला आहे. तैवानचे तेव्हाचे हुकूमशहा च्यांग कै-शेक यांच्या हत्येचा आपला कट उघड झाल्यावर १९५२ मध्ये सू बेंग केळ्यांच्या जहाजात लपून जपानला निसटले. टोकियोत नूडल्सचे हॉटेल चालवता चालवता त्यांनी तैवानचा चारशे वर्षांचा इतिहास लिहिला, राबणाऱ्यांच्या बाजूने. १९६२ मध्ये तो जपानीत प्रसिद्ध झाला. मायदेशी परतायला १९९३ उजाडले. २०१९ मध्ये, वयाची शंभरी पूर्ण करून ते गेले. त्यांचा सशस्त्र मार्ग आम्हाला पटत नाही. या अंकात भर आहे तो त्यांच्यातल्या इतिहासकारावर. वाचकहो, तुमचे मत मोकळेपणाने कळवा, मतभेद असतील तर आवर्जून.